मान्य

मारुती आवळे डायलिसिसला आठवड्यातून तीनदा येत असत, ते दोनदा यायला लागले. सोमवारी आणि शुक्रवारी. बुधवारी त्यांची खुर्ची रिकामी राहायची. पद्मजा चौगुलेनं एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले की नव्या डॉक्टरांनी तपासलं आणि दोन वेळा पुरे म्हणून सांगितलं.

आवळे मिरजेच्या एसटी स्थानकावर अठ्ठावीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले, मूत्रपिंडं गेली, पण आवाज तसाच राहिला. डायलिसिसच्या हॉलमध्ये कुणाचं मशीन संपत आलं की ते पडल्या पडल्या जाहीर करायचे, "मशीन क्रमांक चार. आरगकडे जाणाऱ्या प्रवाशांनी चपला शोधून ठेवाव्यात." सिस्टर हसायच्या, रुग्ण हसायचे. सगळे त्यांना मामा म्हणत.

पद्मजा एकोणीस वर्षं डायलिसिसची तंत्रज्ञ होती. आधी एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी केली, मग नवरा श्रीपाल याच्यासोबत स्वतःचं दहा मशीनचं केंद्र काढलं. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचतं आणि अंगात पाणी साठतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मशीन ते काढून टाकतं. दोन दिवसांचा खंड शरीर सोसतं. चार दिवसांचा खंड पडला तर हृदय कधी थांबेल याचा नेम नसतो. मामांचं वजन दर शुक्रवारी चार-साडेचार किलोनं वाढलेलं दिसायचं. तिनं ते वहीत लिहिलं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, असं मात्र ती म्हणाली नाही.

एका गुरुवारी सकाळी बूट घालता घालता मामा पुढे कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

पाचव्या दिवशी त्यांची मुलगी शैला केंद्रात आली. ती एका शाळेत लिपिक होती, कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर. तिला वडिलांची फाइल हवी होती. पद्मजानं फाइल दिली आणि नव्या डॉक्टरांनी दोनदाच का सांगितलं असेल, ते आपल्याला कळलं नाही, असं म्हणाली.

"नवे डॉक्टर कुणी नव्हतेच," शैला म्हणाली. "दर वाढत चालला, म्हणून त्यांनीच एक पाळी कमी केली. मला सांगितलं नाही, तुम्हाला सांगितलं नाही. मी पासबुक बघितलं तेव्हा कळलं." मग फाइल पिशवीत घालताना तिनं आणखी एक वाक्य सांगितलं. "मी एकदा म्हटलं होतं, पद्मजाताईंना विचारू या, काही कमी होतंय का. तर म्हणाले, त्या बाईच्या हातात काही नाही, तिचा जीव कशाला कासावीस करायचा."

शैला गेली. पद्मजा मशीन धुण्याच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला रडू आलं नाही. तिला राग आला होता, आणि त्याला सुरुवात तिच्यापासूनच होत होती.

दर ठरवण्याचं काम सव्वा वर्षापूर्वी 'दरसारथी' नावाच्या प्रणालीकडे गेलं होतं. २०३४ साल होतं ते. सांगली-मिरजेत खासगी डायलिसिसची सहा केंद्रं होती, आणि पाच जणांनी आधीच अशी काहीतरी प्रणाली घेतली होती. सगळ्यांनी एकाच कंपनीची घेतली होती असंही नव्हतं. तीन वेगवेगळ्या कंपन्या होत्या, आणि त्यांचं एकमेकींशी बोलणंचालणंही नव्हतं. श्रीपालनं आग्रह धरला म्हणून पद्मजानंही घेतली. रोज सकाळी आठ वाजता तिच्या मोबाईलवर त्या दिवसाचा दर यायचा. खाली हिरवं बटण असायचं, 'मान्य'. ते दाबलं की दर लागू.

सुरुवातीला दर होता एकवीसशे. सरकारी योजनेतून ठरावीक रक्कम मिळे, वरचा फरक रुग्णानं भरायचा. सरकारी रुग्णालयातल्या मशीनसाठी यादी होती आणि त्या यादीत नंबर लागायला वर्ष जायचं. दर हळूहळू चढला. कधी वीस रुपये, कधी पंधरा. कुणाच्या लक्षात येऊ नये असा. सव्वा वर्षात तो तीन हजार एकशेवर गेला. विजेचा खर्च तेवढा वाढला नव्हता, नळ्यांचा नाही, फिल्टरचा नाही. रुग्ण विचारत तेव्हा पद्मजा म्हणायची की सिस्टिम ठरवते, आपल्या हातात नाही.

हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तिला एका विशिष्ट सकाळपासून माहीत होतं. तिनं ते कुणालाही सांगितलं नव्हतं. श्रीपाललासुद्धा नाही.

दराच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ असायची, त्या दिवशीच्या दराचं कारण सांगणारी. बहुतेक लोक ती वाचत नसत. मामांच्या मृत्यूच्या अकरा महिने आधी, दर सव्वीसशेवर असताना, पद्मजानं ती वाचली. ओळ अशी होती: 'आपण दर कमी केल्यास परिसरातील केंद्रेही कमी करतील. आपण न केल्यास तीही करणार नाहीत.' तिनं ती दोनदा वाचली. तिला ती पूर्ण समजली. बाकीच्या पाच जणांच्या मोबाईलवरही असलीच ओळ येत असणार, हेही समजलं. आणि तिनं मान्य दाबलं. त्यानंतर रोज दाबलं.

आता तिनं कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात फोन लावला. फोनवरचा इंजिनिअर सभ्य होता. त्यानं समजावलं की त्यांची प्रणाली कुणाशी बोलत नाही, कुणाला निरोप पाठवत नाही. सगळ्या केंद्रांनी रोजचे दर सार्वजनिक फलकावर टाकायचे असा सरकारी नियम आहे, रुग्णांच्या सोयीसाठी. प्रणाली फक्त तो फलक वाचते. जे कुणीही वाचू शकतं. पद्मजानं विचारलं की मग सहाही दर दहा रुपयांच्या फरकानं सारखे कसे. तो म्हणाला, बाजार तसाच असतो.

तिनं त्याच दिवशी स्पर्धा प्राधिकरणाकडे तक्रार लिहिली. दोन पानं. त्या ओळीबद्दल तिनं त्यात काही लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी प्राधिकरणाच्या तपास अधिकारी रोझलिन तुस्कानो मिरजेत आल्या. वसईच्या, पन्नाशीच्या, संख्याशास्त्र शिकलेल्या. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी हॉलमध्ये फिरून प्रत्येक रुग्णाला त्याचं गाव विचारलं. नंतर कार्यालयात चहा घेताना त्यांनी सगळं सोप्या शब्दांत सांगितलं.

या यंत्रांना दर ठरवायला कुणी शिकवत नाही, ती स्वतःच शिकतात. त्यांना एवढंच सांगितलेलं असतं की वर्षाचं उत्पन्न वाढव. मग यंत्र स्वतःच्या आत एक खोटा बाजार मांडतं आणि त्यात लाखो वेळा दर लावून बघतं. कमी लावला तर काय झालं, जास्त लावला तर काय झालं. खऱ्या बाजारातही रोज थोडं करून बघतं. त्यातून त्याला दोन गोष्टी कळतात. एक, मी दर पाडला की दुसऱ्या दिवशी शेजारचंही पाडतं आणि दोघांचं नुकसान होतं. दोन, मी चढवला आणि शेजारच्यानं चढवला तर दोघांचं भलं होतं. समोरासमोरचे दोन दुकानदार एक शब्द न बोलता वीस वर्षांत जे शिकतील, ते ही यंत्रं दीड-दोन महिन्यांत शिकतात. शिवाय दुकानदाराला कधीतरी लाज वाटते. कधी तो शेजारच्यावर चिडतो, कधी मुलीचं लग्न निघालं म्हणून माल स्वस्तात काढतो. यंत्राच्या बाबतीत यातलं काहीच घडत नाही.

"मग पकडा की त्यांना," पद्मजा म्हणाली.

तुस्कानो मॅडमनी सांगितलं की दोनदा पकडलं. एकदा मालवाहू ट्रकांच्या भाड्यात, एकदा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत. दोन्ही वेळा प्रकरण हातातून गेलं. कायदा म्हणतो, संगनमतासाठी करार लागतो. करार लागतो म्हणजे माणसं लागतात. त्यांनी एकमेकांना काहीतरी कळवलेलं असावं लागतं, समजून घेतलेलं असावं लागतं. यंत्रांच्या वकिलांनी विचारलं, कोण कुणाला भेटलं? उत्तर नव्हतं. आणि नुसते दर सारखे असणं हा पुरावा नाही, कारण खर्च सगळ्यांचाच वाढला असं म्हणता येतं.

पण एक चाचणी होती. खर्चामुळे चढलेले दर आणि संगनमतानं चढलेले दर दिसायला सारखेच असतात. फरक कळतो तो कुणीतरी रांग मोडल्यावर. खऱ्या स्पर्धेत एकानं दर पाडला तर बाकीचे थोडे पाडतात आणि तिथेच राहतात. संगनमत असेल तर बाकीचे त्याला शिक्षा करतात. एकदम खोल पाडतात, स्वतःचं नुकसान सोसून. आणि धडा शिकवून झाला की सगळे मिळून पायरी पायरीनं पुन्हा वर चढतात. ती परत चढण, मॅडम म्हणाल्या, खर्चाच्या हिशेबात कुठेच बसत नाही. ती दिसली की संगनमत डोळ्यांनी दिसलं.

त्यासाठी सहापैकी एका केंद्रानं यंत्र बंद करून हातानं दर लावायला हवा होता. आजवर कुणी तयार झालं नव्हतं.

श्रीपालनं साफ नकार दिला. त्यानं पद्मजाला बाजूला नेऊन सांगितलं की शिक्षा होणार ती आपल्याला, आणि सरकारला त्यातून आलेख मिळणार. मशीनचे हप्ते कोण भरणार. तो चुकीचं बोलत नव्हता. पद्मजा म्हणाली की मामांच्या खुर्चीत मी कुणाला बसवलेलं नाही आणि बसवणारही नाही, जोपर्यंत हे कळत नाही. त्यानं विचारलं, काय कळायचंय. त्यावरून दोघांत बोलाचाली झाली आणि मग चार दिवस अबोला.

सोमवारी सकाळी तिनं दरसारथी बंद केलं आणि फलकावर दर टाकला, बावीसशे.

मंगळवारी पाचही केंद्रांचे दर एकोणीसशेवर आले. बुधवारी सतराशे. शुक्रवारी पंधराशे. सतराशेच्या खाली कुणालाही परवडत नाही, हे पद्मजाला पक्कं माहीत होतं. तिच्या ओळखीचे एक डॉक्टर, सांगलीतल्या केंद्राचे मालक, त्यांचा फोन आला. माझ्या हिशेबनीसानं आत्ता सांगितलं की आपण तोट्यात दर लावतोय, म्हणाले, हे काय चाललंय तुम्हाला काही कळतंय का. ते खरंच गोंधळले होते. त्यांच्या नावानं त्यांचं यंत्र पद्मजाला चिरडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. पद्मजाला त्यांची कीव आली, आणि मग कीव आल्याचाही राग आला. हेही रोज मान्य दाबत होते.

तिच्या हॉलमधल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. तिनंच रुग्णांना सांगितलं, जा, तिकडे स्वस्त आहे, आणि जमतंय तोवर तिन्ही पाळ्या घ्या. हौसाबाई म्हणून बेडगच्या एक बाई होत्या. त्याही गुपचूप दोनच पाळ्या घेत होत्या, हे पद्मजाला तेव्हा कळलं. त्या दोन आठवड्यांत हौसाबाईंच्या पायांची सूज उतरली. त्या मुद्दाम येऊन पाय दाखवून गेल्या. आणखी चौघं तशी निघाली. पद्मजानं त्यांची नावं एका कागदावर लिहिली आणि तो कागद मॅडमना दिला. हे आलेखात येणार नाही, पण हे बघा, असं सांगून.

बाराव्या दिवशी ते सुरू झालं. पाचही दर साठ रुपयांनी वर. दुसऱ्या दिवशी आणखी साठ. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. एकोणिसाव्या दिवशी तुस्कानो मॅडमनी सांगितलं, आता तुमचं यंत्र सुरू करा आणि हात लावू नका. दरसारथीनं पहिल्या दिवशी फलक वाचला. दुसऱ्या दिवशी ते रांगेत जाऊन उभं राहिलं आणि बाकीच्यांबरोबर चढायला लागलं. दीड महिना भरायच्या आत सहाही दर पुन्हा तीन हजार एकशेवर होते.

मॅडमनी लॅपटॉपवर आलेख दाखवला. सहा रंगांच्या सहा रेघा, मधे एक खोल दरी आणि पलीकडे पुन्हा सपाट माळ. बारा वर्षं त्या हे शोधत होत्या. पद्मजाला त्या दरीत हौसाबाईंचे पाय दिसत होते.

हौसाबाई पुढच्या सोमवारी परत आल्या. त्यांनी एवढंच विचारलं की महिन्यामागं पंधराशेत होत होतं, ते आता का होत नाही. आवाज चढवला नाही त्यांनी. पद्मजानं त्यांच्याकडून बावीसशेच घेतले, आणि यंत्राचा दर लावणं पुन्हा बंद केलं; मोबाईलवर त्याचा सल्ला मात्र येत राहिला. श्रीपालनं बघितलं. त्या दिवशी हौसाबाईंना रिक्षापर्यंत त्यानंच हात धरून नेलं.

सुनावणी पुण्यात झाली. तीन सदस्यांचं पीठ होतं. एका बाजूला प्राधिकरणाचा वकील आणि तुस्कानो मॅडम, दुसऱ्या बाजूला तीन कंपन्या आणि पाच केंद्रं यांचे मिळून सात वकील. आलेख पडद्यावर लावला गेला. मग कंपन्यांच्या ज्येष्ठ वकिलांनी तो आलेख नाकारलाच नाही. ते हुशार होते. ते म्हणाले की यंत्रांनी हे केलं हे आम्ही मान्य करतो. पण यंत्राला इरादा नसतो. वादळाला आपण गुन्हेगार म्हणत नाही. करार माणसं करतात, आणि या सहा माणसांनी दर ठरवताना एकमेकांशी एक अक्षर काढलेलं नाही. कायदा बदलायचा असेल तर संसदेनं बदलावा. तोवर इथे अपराध घडलेलाच नाही.

पद्मजा बाकावर बसून ऐकत होती. तिच्या शेजारी श्रीपाल होता. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की हे वकील तिच्याही बाजूनं बोलताहेत. तिनं सव्वा वर्ष जे सगळ्यांना सांगितलं, तेच ते इथे चांगल्या भाषेत सांगत होते. पीठाचे अध्यक्ष मान डोलावत होते. तुस्कानो मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

तिला साक्षीला बोलावलं गेलं. ज्येष्ठ वकिलांना तिच्याकडून फार काही नको होतं. त्यांनी विचारलं की यंत्र बंद करण्याआधी तुम्ही इतर केंद्रांच्या मालकांना दराबद्दल कधी भेटलात का. नाही, ती म्हणाली. फोन, पत्र, मेसेज. नाही. कुणी तुम्हाला सुचवलं, धमकावलं. नाही.

"मग ताई, हा करार केला कुणी?" वकिलांनी विचारलं, आणि ते खाली बसायला वळले.

"मी केला," पद्मजा म्हणाली.

वकील अर्धवट वाकलेले तसेच थांबले. अध्यक्षांनी तिला पुन्हा सांगायला सांगितलं.

"दराखाली एक ओळ येते. मी कमी केला तर बाकीचे कमी करतील, मी नाही केला तर तेही करणार नाहीत, असं त्यात लिहिलेलं असतं. ती मी वाचली. मला ती समजली. बाकीच्यांनाही अशीच ओळ जात असणार, हेही मला समजलं. आणि मी मान्य दाबलं. अकरा महिने, रोज सकाळी. माझ्याकडं मारुती आवळे म्हणून एक पेशंट होते. त्यांच्या वजनावरून मला कळत होतं की ते पाळी चुकवताहेत. तेव्हाही दाबलं. यंत्राला इरादा नसेल. मला होता. मला वाटत होतं, मी पाडणार नाही, तुम्हीही पाडू नका. मी हे तोंडानं म्हटलं नाही, कारण तोंडानं म्हणायची गरजच पडली नाही. ती सोय होती म्हणून तर आम्ही सगळे पैसे भरत होतो तुमच्या कंपनीला."

कुणीतरी हरकत घेतली. अध्यक्षांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं की ती ओळ अजून येते का. पद्मजानं मोबाईल काढून दिला. तो पीठासमोर हातोहात फिरला. मग अध्यक्षांनी तिन्ही कंपन्यांना आदेश दिला की सहाही केंद्रांना दोन वर्षांत रोज काय कारण दाखवलं गेलं, आणि ते पान किती सेकंद उघडं राहिलं, याची नोंद पंधरा दिवसांत हजर करा.

नोंदी आल्या. सहाही जणांना तशीच ओळ जात होती, शब्द थोडे वेगळे. सांगलीच्या त्या डॉक्टरांनी ती एकदा पावणेदोन मिनिटं उघडी ठेवली होती. एकानं तिचा फोटो काढून आपल्या भावाला पाठवला होता, खाली हसरा चेहरा टाकून. पद्मजाच्या नावापुढे चाळीस सेकंद लिहिलेले होते.

निकाल राखून ठेवलेला असतानाच दरसारथीची नवी आवृत्ती आली. वापर सुलभ व्हावा म्हणून पडदा सुटसुटीत केला आहे, असं त्यात म्हटलं होतं. कारणाची ओळ गेली होती. उरला फक्त दर आणि खाली हिरवं बटण. चूक दाखवली तर त्यांनी चूक थांबवली नव्हती, चूक वाचणारे डोळे झाकले होते. तिनं तो पडदा जसाच्या तसा तुस्कानो मॅडमना पाठवला. मॅडमचं उत्तर दहा मिनिटांत आलं. पीठासमोर ठेवते, एवढंच.

सुनावणीनंतर बरोबर चार महिन्यांनी निकाल लागला. जो माणूस यंत्राकडून दर घेतो, त्या दरासाठी तोच बोलला असं धरलं जाईल. यंत्रानं प्रतिस्पर्ध्याचा चालू आठवड्यातला दर वाचून आपला दर ठरवायचा नाही. ज्या यंत्राला आपलं कारण साध्या भाषेत सांगता येत नाही किंवा सांगायचं नाही, त्यानं दर लावायचा नाही, आणि कारण वाचलं नाही ही सबब चालणार नाही. तिन्ही कंपन्यांना आणि सहाही केंद्रांना दंड झाला. कंपन्या वरच्या न्यायालयात गेल्या, ते प्रकरण अजून चालू आहे.

तक्रारदार म्हणून पद्मजाला दंडमाफी मिळू शकत होती. श्रीपालनं अर्ज भरून आणला होता. त्यात एक छापील वाक्य होतं, की प्रणालीच्या दिशाभुलीमुळे माझ्याकडून हे घडलं. पद्मजानं ते वाक्य खोडून सही केली. कार्यालयानं अर्ज परत पाठवला, वाक्य खोडता येत नाही म्हणून. तिनं पुन्हा पाठवला नाही. त्यावर श्रीपालनं तिला एकच विचारलं, की सुनावणीच्या आधी मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली की तुला सांगितलं असतं तर तू मला समजावलं असतंस, आणि मी समजले असते. नंतर दंड भरण्यासाठी दहापैकी सहा मशीन विकायचं त्यानंच ठरवलं आणि गिऱ्हाईकही त्यानंच शोधलं.

मशीन गेली त्या आठवड्यात पद्मजा शैलाच्या घरी गेली. दुपारची वेळ होती, शैला शाळेतून नुकतीच आली होती. तिनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. पद्मजानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. त्या ओळीबद्दल, वजनाबद्दल, वहीबद्दल. तुमच्या वडिलांनी माझ्याबद्दल जे मानलं ते खरं नव्हतं, हेही.

शैलानं पूर्ण ऐकून घेतलं. "सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी पेपरात आलं होतं," ती म्हणाली. "सहा महिने होत आले. मी बघत होते, तुम्ही इकडं कधी येताय."

पद्मजा पाऊल मागं न घेता उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"तिथं बोललात ते बरं केलंत. पण मी तुम्हाला माफबिफ करणार नाही, ते मनात आणू नका," शैला म्हणाली. मग ती आत वळून बघू लागली. आतल्या खोलीत कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं. "माझ्या सासूबाई. मागच्या महिन्यात त्यांचीही दोन्ही मूत्रपिंडं गेली. डॉक्टर म्हणतात, आठवड्यातून तीनदा लागणार. तीनदा म्हणजे तीनदा. त्या यादीत नंबर लागेपर्यंत मला कुठंतरी न्यावंच लागेल. तुमच्याकडं किती मशीन राहिलीत?"

"चार."

"दर काय आहे?"

मोबाईल पद्मजाच्या पिशवीत होता. तिनं तो काढला नाही. वीज, पाणी, नळ्या, फिल्टर, सिस्टरचा पगार, हप्ता, सगळं एकदा मनात धरून तिनं आकडा सांगितला, दोन हजार पन्नास.

"जास्त आहे," शैला म्हणाली.

"कुठं जास्त आहे ते सांगते," पद्मजा म्हणाली. शैलानं दार थोडं आणखी उघडलं, आणि दोघी उंबऱ्यावरच एकेका गोष्टीवरून भांडायला लागल्या.